त्याचा पाय सापडू दे

रविवार, संध्याकाळ

शीळफाट्याच्या अपघातानंतर आमच्या घरात 'पाय' हा शब्दच कोणी काढत नाही. बाबांचा कृत्रिम पाय सहा महिने कपाटावर, खोक्यात. आणि मी मूर्ख, सुपरहिरोची कॉमेडी म्हणून त्यांना आज कल्याणला पिक्चरला घेऊन गेलेलो. नुसत्या शिव्या आणि रक्त. त्यात हिरो स्वतःचा नकली पाय काढून गुंडांना बडवतो, मग तो पायच हरवतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई कुजबुजली, "अहो, निघूया का?"

बाबा हसून हसून डोळे पुसत होते. "थांब गं, त्याचा पाय सापडू दे."

असला वाह्यात पिक्चर बघावा का? बघावा. सहा महिने आम्ही जपून बोललो, त्याने काय झालं?

आत्ताच बाबांनी हाक मारली. "ते खोकं खाली काढ रे. गुंड आले तर जवळ असलेला बरा."