थोडं चालू शकते

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. इकडे आई बरी आहे, गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो. पायांऐवजी मला फिरवणाऱ्या माझ्या स्कूटरची बॅटरी बदलून घेतली. जहाजावरचे फोटो मिळाले. मुलांची आत्या, म्हणजे मी, एकाही फोटोत नाही, हे मुलांच्या नाही तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

तू चारदा फोन केलास. मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

घर विकायचं कधी, हेच तुला विचारायचं असणार. सांगते, पण आधी सहलीचं बोलू.

"ताई, सगळी सोय आहे, तू फक्त ये," असं म्हणाला होतास. केबिनचं दार स्कूटरपेक्षा चार बोटं अरुंद निघालं. स्कूटर बाहेर पॅसेजमध्ये, आणि बाथरूमच्या उंबऱ्यावरून मला उचलायला रोज तुझी बायको. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, म्हणून मीही गप्प बसले. छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जायचं होतं, त्या दिवशी बोटवाल्याने स्कूटरला नकार दिला. "मग तू आराम कर," म्हणून तू निघून गेलास. संध्याकाळी शंखांची माळ आणून दिलीस. ती मी समुद्रात टाकली.

चौथ्या दिवशी दुपारी जहाजाच्या लाँड्रीत आग लागली, तेव्हा मी सातव्या मजल्यावर वाचत बसले होते. भोंगा वाजला, लिफ्ट बंद झाल्या. तू दोन्ही मुलांचे हात धरून जिन्याने उतरत होतास. थांबलास. माझ्याकडे बघून म्हणालास, "आलोच."

मुलांना आधी नेलंस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही तेच केलं असतं. पण त्यानंतर पंचवीस मिनिटं मी जिन्याच्या तोंडाशी होते, आणि धूर वर येत होता. शेवटी मजला तपासायला आलेल्या दोघा खलाशांनी मला खुर्चीत बांधून खाली नेलं. त्यातला एक चिडून विचारत होता, "तुमचं नाव मदतीच्या यादीत का नाही? असतं तर आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडे आलो असतो."

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या ऑफिसात जाऊन मी माझा बुकिंगचा फॉर्म बघायला मागितला. तुझं अक्षर. 'थोडं चालू शकते.'

अकरा वर्षांत मी एक पाऊल टाकलेलं नाही. न चालणाऱ्यांसाठीच्या रुंद दाराच्या खोल्या खालच्या मजल्यावर, बिनबाल्कनीच्या होत्या आणि तुला बाल्कनी हवी होती. एवढंच ना?

आता माझी चूक. घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "त्याने सांभाळलं ना तुला?" तिचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, की आग लागली तेव्हा तू मला पाठीवर घेऊन सात मजले उतरलास. तिने ते इमारतभर सांगितलं. मग तिनेच ठरवलं, की हे तळमजल्याचं घर, माझा रॅम्प, माझी रुंद दारं, सगळं विकून आम्ही दोघींनी तुझ्याकडे यायचं. खरं काय ते ठाऊक असून तू लगेच हो म्हणालास. न केलेल्या कामाची शाबासकीही गपचूप घेतलीस.

काल मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "फॉर्म त्यानेच भरला? नक्की?"

"त्याचं अक्षर मला कळत नाही का? मीच गिरवून घेतलंय."

भाजी बाजूला सारून म्हणाली, "त्याला कळव, घर विकायचं नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रात्री जेवली नाही.

खोटं मी बोलले होते, पण त्यावर ती दोन महिने सुखाने झोपत होती. ते सुख तिच्याकडून काढून घ्यायची वेळ तू माझ्यावर आणलीस.

घर बघायला येणार होते त्यांना तूच नाही म्हणून कळव. आईला भेटायला जरूर ये. दार मी उघडीन. त्यापुढे माझ्याशी बोलायची तसदी घेऊ नकोस.

तिचा राग आज ना उद्या निवळेल. माझं तसं धरून चालू नकोस.

ताई