चार बोटं

२ मार्च, पहाटे ५:४०
आजपासून मी ट्रक ड्रायव्हर. कुरियरच्या ऑफिसात चौदा वर्षं डिस्पॅचच्या टेबलावर बसून ड्रायव्हर लोकांना उशिराबद्दल झापलं. त्यांची कारणं ऐकून कान किटले. शेवटी वाटलं, हेच काम डोकं असलेल्या माणसाने केलं तर? राजीनाम्यात लिहिलं की तुमचं टेबल माझ्या योग्यतेला अपुरं पडतं. मॅनेजरने ते सगळ्या स्टाफला मोठ्याने वाचून दाखवलं. बहुतेक प्रेरणा मिळावी म्हणून.

ट्रकमालक शेठची अट : एक महिना ट्रायल. पास झालो तर गाडी कायमची माझ्याकडे. नाही तर परत त्याच टेबलावर, त्याच मॅनेजरपुढे, तोंड पाडून. ती वेळ येणार नाही, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

२ मार्च, संध्याकाळ
दोन आठवडे शेजारी एक म्हातारा ड्रायव्हर बसणार. सगळे त्याला मामा म्हणतात. शिक्षण सातवी, तेही तो स्वतः सांगतो म्हणून. गाडी काढण्याआधी लाकडी दांडका घेऊन एकेक टायर ठोकत गाडीभोवती फिरतो आणि आवाज ऐकतो. डॉक्टर असल्याचा आव. मी म्हणालो, हवा मोजायचं मीटर मिळतं बाजारात. तो म्हणाला, मीटर घरी विसरता येतं. याला उत्तर म्हणत नाहीत.

हिला सांगितलं. ही हसली. ही म्हणजे बायको, अकरा वर्षं शाळेची बस चालवते. त्यामुळे तिला वाटतं की आपल्याला ड्रायव्हिंगमधलं कळतं. बस म्हणजे काय, खिडक्या लावलेली खोली.

५ मार्च
आज फरशीची खोकी भरली. गंमत पाहिली : माल चढत गेला तशी गाडी खाली बसत गेली. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे अक्षरशः दबले. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही, हमाल तर खाली मान घालून काम करत होते. घरी आल्यावर हिला फरशीचं वजन, पाट्यांची ताकद, सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ही डबे घासत होती. म्हणाली, मग माल उतरल्यावर गाडी परत उठत असेल. म्हटलं, उगाच बुद्धी पाजळू नकोस, मुद्दा तो नाही.

९ मार्च
रिव्हर्स. याबद्दल थोडं.
गोदामात गाडी धक्क्याला उलटी लावावी लागते. माझ्या मते ही व्यवस्थाच चुकीची आहे. जगात सगळं पुढे जायला बनवलंय, गोदामवाल्यांनी तोंड उलट्या बाजूला केलं यात माझा काय दोष? आज सात वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी वॉचमनने आपली खुर्ची उचलून आत नेली. पाचव्या वेळी स्वतःही आत गेला. भित्रा माणूस. शेवटी मामाने एका झटक्यात लावली. मी लावू दिली. सगळी कामं स्वतः करत बसणं हे कच्च्या माणसाचं लक्षण आहे.

१० मार्च
रविवारी मोकळ्या मैदानात रिव्हर्सची प्रॅक्टिस करायचं ठरलं. ही म्हणाली, मी शिकवते. म्हटलं, तुझ्या बसला आणि माझ्या ट्रकला एकाच तागडीत तोलू नकोस.

१५ मार्च, रविवार
कंबर धरली. प्रॅक्टिस पुढच्या रविवारी.

१७ मार्च
मामाची साथ संपली. जाताना म्हातारा म्हणाला, फरशीच्या गोदामाला जाताना रेल्वेच्या पुलाखालून जा, हरकत नाही, पण येताना रिकामी गाडी तिकडून आणू नका, बाहेरून वळसा घालून या. का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. अशा माणसाला का, असं विचारलं की त्याचा भाव वाढतो.

पण विचार करा. भरलेली गाडी जड, तिला वाट जपून निवडायला हवी. रिकामी गाडी हलकी, ती कुठूनही जाईल. हा माणूस नेमकं उलटं सांगतो. तीस वर्षं असंच डिझेल जाळलं असणार. उगाच नाही मी या धंद्यात आलो.

२४ मार्च
एकट्याने आठवडा झाला. एकही तक्रार नाही. वॉचमनची फुटलेली कुंडी त्यात धरली नाही, कारण ती आधीच तडकलेली होती. रिव्हर्स लागेल तिथे मी अंगात कणकण असल्याचं सांगतो आणि दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर लावून देतो. प्रॅक्टिसचा रविवार या वेळी पाहुण्यांमुळे गेला. शेठ म्हणाले, आठवडाभर असंच राहिलं की गाडी तुमची. जुन्या मॅनेजरला फोन करून कळवलं. तो म्हणाला, तुमची खुर्ची अजून कोणाला दिलेली नाही. जळतोय.

२८ मार्च, दुपार
हे पोलीस चौकीच्या बाकावर बसून लिहितोय. लोकांच्या नजरा चुकवायला काहीतरी हातात हवं.

सकाळी भरलेली गाडी पुलाखालून आरामात गेली. मुद्दाम खिडकीतून मान काढून बघितलं, वर चांगली जागा होती. फरशी उतरवली. येताना तोच पूल. मामाची आठवण झाली आणि हसू आलं. जाताना मावलेली गाडी येताना काय जाड होणार?

जाड झाली नाही. उंच झाली.

माल उतरला, पाटे सुटले, गाडी चार बोटं वर आली. निम्मी गाडी पुलाखाली आणि छत वर अडकलेलं. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पुढे जाता येईना. मागे जाणं म्हणजे रिव्हर्स. मागे रांग लागलेली आणि रांगेत पहिली उभी पिवळी बस. शाळेची. हिची.

बसमधल्या ताईंना मुलांकडे बघायला सांगून ही खाली उतरली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, अहो, टायरची हवा थोडी सोडा, गाडी खाली बसेल. मी म्हणालो, मला माहीत आहे, तेच करणार होतो. मग मला व्हॉल्व्ह सापडेना. तिनेच हवा सोडली. छत सुटलं. तिने आधी हात करून मागच्या गाड्या हटवल्या, आपली बस मागे घेतली आणि माझ्या केबिनमध्ये चढली. चाळीस मुलं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. तिने ट्रक एका दमात, सरळ रेषेत मागे घेतला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी खाली उभा राहून, या, या, असे हात करत होतो. कोणीतरी करायला हवं होतं.

लाज वाटली. एवढं लिहून ठेवतो.

३० मार्च
शेठकडे जाऊन आलो. छताला मोठी खोक पडलीय. मामाही होता. मला वाटलं, आता म्हातारा तोंडसुख घेणार. तो एवढंच म्हणाला, चूक माझी, का ते सांगायला हवं होतं. याचा मला जास्त राग आला.

शेठने हिला फोन लावला आणि ट्रक चालवणार का म्हणून विचारलं. माझ्यासमोर. ही म्हणाली, नको, माझ्या गाडीतली माणसं निदान सांगितलेलं ऐकतात.

मी जुन्या मॅनेजरला फोन करणार होतो. नंबर काढला आणि ठेवून दिला. मग शेठच म्हणाले, गाडी नाही, पण एक काम आहे.

१ एप्रिल
नवीन पद. शेठने नाव दिलेलं नाही. मी तूर्त उंची अधिकारी लिहितो. टेप घेऊन प्रत्येक गाडीची उंची मोजायची, एकदा भरलेली, एकदा रिकामी, आणि दोन्ही आकडे लाल रंगाने केबिनमध्ये ड्रायव्हरसमोर लिहायचे. शिडी मामाने धरली. दांडका काखेत होताच.

सकाळी हिने बसमधून सोडलं. पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावायला सांगितला. मागून एका मुलीने विचारलं, हे पुलाखालचे काका का? ही म्हणाली, हो, आता ते पूल मोजतात. पूल नाही, गाड्या. दुरुस्त करणार होतो, पण ही वळणावर होती.

संध्याकाळी ही डबे घासत होती. म्हणाली, आज काय केलं? म्हटलं, एक गोष्ट पक्की झाली. माल उतरला की गाडी उठते. चांगली चार बोटं.

ही म्हणाली, हो का.

आणि धुतलेला डबा पुसायला माझ्या हातात दिला.