समोरच्या गॅलरीतून सरळ

ती. आत्या,

तुझ्या भाच्याचा (जो सध्या घरात कोणाच्या नजरेला नजर देत नाही) साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला असेलच. नसला तर त्यांनी औषध बेसिनमध्ये ओतणं थांबवावं. मी पाहिलंय, पण कोणाला बोललेलो नाही. पत्राला तसं विशेष कारण नाही, सहज आठवण झाली.

माझं आयुष्य गेल्या बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बदललं. समोरच्या घरातली मुलगी (नाव लिहीत नाही, पाकीट बाबांच्या हाती पडायचं) त्यांच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती, आणि मी रस्त्यात कमरेवर हात ठेवून, घरमालकाच्या मुलाने उभं राहावं तसा, आमच्या माडीवरच्या वाढीव खोल्यांकडे बघत उभा होतो. तिने वरून विचारलं, "तुमच्या खिडक्या कोणी रागाच्या भरात बुक्क्या मारून पाडल्यात का?" सहा महिन्यांत ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. त्यातला "तुमच्या" मी रात्री जेवेपर्यंत पुरवून पुरवून आठवला. मग वाक्याचा उरलेला भाग लक्षात आला आणि माझं डोकं फिरलं. (तुला माहीत आहेच. कॉलेज सोडलं तेव्हाही आधी डोकं फिरलं आणि मग कारण सापडलं.) पण ती चुकीचं काही बोलली नव्हती. जुन्या घराच्या खिडक्यांना निदान लाकडी चौकटी तरी आहेत. नव्या तिन्ही खिडक्या म्हणजे सपाट भिंतीत तीन भोकं, भुवया उडालेल्या माणसासारखी.

बाबा कामानिमित्त आठ दिवस परगावी गेले होते आणि जाताना मला म्हणाले होते, "रिकामाच आहेस, तर बांधकामावर लक्ष ठेव. लक्ष ठेव म्हणालोय, डोकं लावू नकोस." मी गवंड्याला सांगितलं, प्रत्येक खिडकीभोवती प्लास्टरचा उठावदार पट्टा काढायचा, वर छोटी कड, खाली उंबरठ्यासारखी पट्टी. गवंडी चांगला माणूस आहे. त्याने ओळंबा काढला, दोरी ताणली, भिंतीवर खुणा केल्या. खालून बघितलं तर झकास. पण मी विचार केला, ही शोभा बघणार कोण? रस्त्यावरून जाणारा भाजीवाला? ज्या डोळ्यांसाठी चाललंय त्यांना कसं दिसतं ते बघायला नको? म्हणून मी तिच्या आजोबांच्या तब्येतीची चौकशी करायला समोर गेलो. (तब्येत उत्तम आहे. तीन दिवसांत अकरा वेळा चौकशी केली.)

आता नीट ऐक. त्यांची गॅलरी आमच्या बरोबर समोर नाही. ती डाव्या कोपऱ्यात आहे आणि आमच्या माडीपेक्षा एक मजला उंच. तिथून जवळची खिडकी मोठी दिसते, लांबची एवढीशी, आणि पट्टे तिकडे चढावर निघाल्यासारखे वाटतात. मला ते सहन झालं नाही. मी तिथूनच हातवारे करून गवंड्याला सांगायला लागलो, तो रुंद कर, हा खाली घे. आजोबा शेजारी खुर्चीत बसून माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते. (त्यांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, हे नंतर कळलं.) गवंडी परांचीवरून म्हणाला, "दादा, ओळंबा खोटं बोलत नाही." मी म्हणालो, "ओळंब्याला डोळे नाहीत, मला आहेत." तो म्हणाला, "आहेत ना, कुठे लागलेत ते सगळी गल्ली बघतेय." तरी बिचाऱ्याने सांगितलं तसं केलं. जवळच्या खिडकीचा पट्टा चार इंच, मधल्या खिडकीचा सहा, लांबच्या खिडकीचा नऊ, आणि सगळं मिळून उजवीकडे उतरतं. गॅलरीतून बघशील तर तिळ्या बहिणी. शेवटच्या दिवशी ती बाहेर आली, कठड्याला रेलून बघत राहिली आणि म्हणाली, "आता कसं घर वाटतंय." आत्या, मी त्यांचा जिना उतरलो तो पायाने नाही.

परवा बाबा आले. बॅग हातात तशीच धरून रस्त्यात उभे राहिले. मान उजवीकडे कलती केली, मग डावीकडे. शेजारचे काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "पाया खचला का हो?" बाबांनी आईला हाक मारून विचारलं, "चक्कर मला येतेय की घराला?" मग माझ्याकडे वळले. रविवारपर्यंत हे सगळं माझ्या हाताने छिन्नीने काढायचं आणि सरळ करायचं, नाहीतर सोमवारी ते स्वतः मला हाताला धरून कॉलेजात पोचवणार आहेत. गवंड्याने हात वर केले. म्हणाला, "मला अजून ओळंब्याला तोंड दाखवायचंय." आणि मी? तिला आवडलेल्या इंचभर प्लास्टरला मी हात लावणार नाही. एखाद्याने सगळं जग सोडून एका माणसाच्या जागेवरून सरळ काही केलं, तर त्यात वाकडं काय?

बाकी सर्व ठीक. आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. कारण नाही म्हणालो, पण एक बारीकसं आहे. बाबा जगात फक्त तुला घाबरतात (लहानपणी तू त्यांना कोठीत कोंडलं होतंस, ते अजून दिवा लावून झोपतात). त्यांना शनिवारच्या आत फोन कर आणि सांग, तिरके पट्टे तुला फार आवडतात.

ता. क. २. आज सकाळी त्यांच्या गॅलरीला वरपासून खालपर्यंत चटईचा पडदा लागला. तिच्या आईने लावला. म्हणजे आमचं घर सरळ दिसायची जगातली एकुलती एक जागा आता बंद. फोन लवकर कर.

ता. क. ३. फोन करू नकोस. आत्ताच ती खाली आली होती. पट्टे झाल्यापासून आमचं घर तिने रस्त्यावरून पहिल्यांदाच बघितलं. मान उजवीकडे कलती केली, अगदी बाबांसारखी. मग म्हणाली, "म्हणजे हे फक्त आमच्याकडूनच सरळ दिसतं?" मी हो म्हणालो. "आणि बाकी गल्ली हसली तरी चालणार होतं?" त्यालाही हो म्हणालो. ती लाल झाली, रागाने की कशाने ते मला ओळखता येत नाही, मग म्हणाली, "उतरवा ते सगळं. मी इथून दोरीकडे बघते आणि सांगते. तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." गवंड्याने ओळंबा दारात ठेवलाय, स्वतः मात्र आला नाही. हे उभ्यानेच, कागद भिंतीला टेकवून लिहितोय. खालून ती दुसऱ्यांदा हाक मारतेय, आणि बाबा पेपरआडून बघतायत. पाकीट खिशात टाकलं, छिन्नी घेतली. निघालो, दार ओढून घेतो.