जिथं दोघांनाही काम नव्हतं

गुहागर,
शुक्रवार दुपार

प्रिय क्रांती,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळं बरं आहे. फोनच केला असता, पण तुझ्या घरी फोन आला की सासूबाई स्पीकर लाव म्हणतात, आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. म्हणून इथल्या काउंटरवरून कोरे कागद मागून घेतले आणि व्हरांड्यात लिहीत बसलेय. समोर सुरूची झाडं, पलीकडे वाळू आणि मग समुद्रच. आमचे हे आत झोपलेत. भर दुपारी, तोंड उघडं टाकून! लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांना असं झोपलेलं मी पहिल्यांदाच बघतेय.

रिसॉर्ट म्हटल्यावर तू भलतंच काहीतरी डोळ्यांपुढं आणशील. तसं नाही. कौलारू खोल्यांची एक रांग, पुढं हिरवळ, दोन माडांना बांधलेली झोळी. एसी स्वतःच्या मर्जीनं चालतो आणि गरम पाणी सकाळी मागून घ्यावं लागतं. पण चादरी स्वच्छ, आणि सुरमईचं ताट असं की मी दोन्ही वेळा तेच मागते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत इथं फारसं कुणी नसतं. आमच्याशिवाय फक्त मिरजेचं एक वयस्कर डॉक्टर जोडपं आहे, ते दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतं. पहिल्या दिवशी तर इतकी शांतता वाटली की मला कानात दडे बसलेत असंच वाटलं.

आम्ही काही हौसेनं आलो नाही गं. आमच्या वीरधवलनं पुण्यात बसून मोबाइलवर खोली ठरवली आणि आम्हाला अक्षरशः घराबाहेर काढलं. गणपतीच्या तोंडावर हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, तू आली होतीसच. त्यानंतरचं मात्र तुला ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात ह्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ कुठं गेलं ते मला सापडेना. खुरपायला आलेल्या बायकांना बांधावर रांगेत उभं करून कामं वाटायला लागले. राहीबाई तर पदरात तोंड खुपसून हसत होती. मी स्कूटीला किल्ली लावली की विचारायचे, कुठं, कशाला, किती वाजता परत. क्रांती, सोसायटीत, कारखान्यावर, वीरधवलच्या शाळेत, आत्याबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, सगळीकडं मी एकटीच तर फिरलेय. मला हे कुणी विचारलंच नव्हतं कधी. आणि ह्यांचंही काय होत होतं ते मला तेव्हा दिसलं नाही. दारात कुणी आलं की काकी हायत का म्हणून विचारायचं. हे म्हणायचे, मी हाय की, बोला. तर तो माणूस, न्हाई न्हाई, काकींच्याकडंच काम हुतं, म्हणून पायरीवर बसून राहायचा.

मग संक्रांतीनंतर ते घडलं. विहिरीकडच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि त्याच बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटावा म्हणून मी तिथं खोडवा राखला होता. मी इस्लामपूरला आईकडं दोन दिवस गेले. परत येऊन बघते तर रान काळंभोर. ह्यांनी ट्रॅक्टर बोलावून सगळी बुडखी उपटून टाकली होती. उसाचं वाळकं पाचट पसरलेलं, कसं गबाळं दिसत होतं, म्हणाले. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी बोलणंच सोडलं. ताट वाढायचं आणि उठून जायचं. लेक-सुनेचं बिनसलंय हे आत्याबाईंना कळत होतं. त्यांनीच वीरधवलला फोन करून सांगितलं म्हणे, बाबा, तुझ्या आईबाला कुठंतरी न्हेऊन सोड, न्हाईतर मीच जाते लेकीकडं.

कुंभार्ली घाट उतरेपर्यंत गाडीत आम्ही दोघं मिळून चार शब्द बोललो असू. इथं आल्यावर वेगळीच पंचाईत. इथं दोघांनाही काम नाही! ह्यांनी सकाळी उठून पलंगाची चादर ताणून बसवली, तर मागाहून मुलगी आली आणि ती काढून दुसरी घालून गेली. मी चहाचे कप विसळायला उठले, तर तिनं ते हातातून घेतले. हे कुंपणाच्या कडेनं दोनदा फिरून आले. मग दोन खुर्च्या टाकून आम्ही समुद्राकडं तोंड करून बसलो. तेव्हा मला कळलं की असं आम्ही दोघं कधी बसलोच नाही. रजेवर यायचे तेव्हा कुणाचं तरी लग्न असायचं, नाहीतर घराची डागडुजी, आणि निघायची तारीख तर दोघांच्या मधे तिसऱ्या माणसासारखी बसलेली असायची. आता निघायचं नव्हतं, तर बोलायचं काय? मनात आलं, ह्या माणसाला भाजी कुठली आवडते हेसुद्धा मी आत्याबाईंना विचारून करते.

काल सकाळी मी पाण्यात गेले. घोट्यापर्यंतच जायचं ठरवलं होतं, पण पाणी कोमट, मऊ, एकेक पाऊल पुढं पडत गेलं. समोरून मोठी लाट आली आणि मी सपशेल आडवी. नाकातोंडात पाणी, खालची वाळू सरकतेय, वर कुठं आणि खाली कुठं काही कळेना. तेवढ्यात दंडाला कुणीतरी घट्ट धरलं. हेच. पायात बूट, खिशात पाकीट, तसेच धावत आलेले. मला ओढून बाहेर काढलं आणि वाळूत बसवलं. ओरडतील असं वाटलं होतं. पण हे शेजारी बसून बूट काढायला लागले गं. बर्फात राहिलेला, गोळीबार बघितलेला माणूस, आणि त्याला बुटाची नाडी सुटेना. शेवटी मीच सोडली.

मग बुटातलं पाणी ओतत, माझ्याकडं न बघता म्हणाले, शिरवळच्या एका कंपनीत सिक्युरिटीचं बघितलंय. खोली बी देत्यात. पंधरा दिवसांनी एकदा येत जाईन. तुला बरं पडंल.

तुला म्हणून सांगते, ऐकल्याबरोबर मला हलकं वाटलं. आधी तेच वाटलं. आणि पाठोपाठ असा राग आला, की माझं मलाच नवल. मी विचारलं, मला बरं पडंल म्हणून निघालाय, का तुम्हालाच घरी नकोसं झालंय म्हणून? ह्यांनी दुसरा बूट उलटा केला. मग म्हणाले, घरात मला जागाच न्हाई संयोगिता. चुकी तुझी न्हाई. तू सगळं नीट बसवलंयस. मी कुटंबी हात घातला की तिथलं बिघडतंय. पाव्हणा हाय मी. ते रान नांगरलं, कारण वाटलं, एक तरी तुकडा असा दिसावा की ज्योतिबानं केलाय.

मला रडूच फुटलं. आणि रडता रडता जे कधी बोलणार नव्हते ते बोलून गेले. म्हटलं, तुम्ही येणार म्हणून मला भीती वाटत होती. मिरवणुकीत मी आरतीचं ताट धरून नुसतं वरवर हसत होते. वाटलं, आता संपलं. तर हसायलाच लागले! म्हणाले, मलाबी. त्या जीपमधी हुबा राहून मी हाच इचार करत हुतो, की माझी पेटी आता ठेवायची कुटं. मग मीही हसले. ओल्याचिंब कपड्यांनी, वाळूनं माखलेले, आम्ही इतके हसलो की डॉक्टरीणबाईंनी पुस्तक खाली ठेवून आमच्याकडं बघितलं.

ठरलं ते असं. विहिरीकडचं रान ह्यांचं. हळद लावा, भुईमूग लावा, वाया घालवा, मी शब्द काढणार नाही. बाकीचं रान माझं. डब्यांना हात लावायचा नाही. मी कुठं चाललेय ते विचारायचं नाही, पण मी आपणहून सांगून जाईन. शिरवळचं काय, असं ह्यांनीच विचारलं. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत घरी राहून बघा. नाहीच जमलं, तर मी स्वतः तुम्हाला एसटीत बसवून देईन. तेवढ्यावर ह्यांनी मान हलवली. सगळं गोड झालं असं नाही म्हणत मी. घरी गेल्यावर पुन्हा भांडू. पण छातीवरचं ओझं उतरलंय, आणि काल रात्री मला झोपही छान लागली.

आता हे तुला का लिहिलं ते सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू मला तुमच्या परसात ओढून नेलंस आणि विचारलंस, ते कायमचे घरी आल्यावर कसं वाटतं गं? मी तोंड उघडणार तेवढ्यात बायका वाण घेऊन आल्या आणि माझं उत्तर राहून गेलं. पण तुझा हात किती गार होता ते माझ्या लक्षात आहे. तुझे जयराजदाजीही मार्चअखेर फौज सोडून कायमचे घरी येणार. तर ऐक. तुला जे वाटतंय ते मला वाटलंय. त्यानं तू वाईट बायको ठरत नाहीस. ते येण्याआधीच फोनवर त्यांना सांगून टाक, मला भीती वाटते म्हणून. कदाचित तेही तिकडं हेच मनात धरून बसले असतील. आणि ते येतील त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर लोक म्हणतील, बघा, बिचारीला किती आनंद झालाय. म्हणू देत. मी तुझ्या शेजारीच उभी असेन.

तुझीच,
संयोगिता