ठिणगीच नाही, तर आग कशी?

३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
आजपासून गाडीचं काम शिस्तीत. गेल्या आठ महिन्यांत झालं ते झालं. चाळीस वर्षांची गाडी भंगारातून उचलून पुन्हा रस्त्यावर आणणं म्हणजे खायचं काम नाही. त्यातून घरच्याच गॅरेजमध्ये करायचं, म्हणजे सेफ्टी आधी. ऑफिसात मागच्या आठवड्यात आगीवर अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं. सर्टिफिकेट मिळालं. सगळ्यांनाच मिळालं, पण प्रश्न विचारणारा मी एकटाच.

संकल्प. गॅरेजमध्ये सिगारेट बंद. (मी ओढत नाही, म्हणजे हा पूर्ण झाला.) आग विझवायचा सिलिंडर आणायचा. पेट्रोल उघडं ठेवायचं नाही. बाबांचा पलंग खाली हॉलमध्ये आणायचा.

शेवटचा संकल्प हिचा. बाबा गॅरेजच्या बरोबर वरच्या खोलीत असतात. खुबा मोडल्यापासून कुणी धरल्याशिवाय उठता येत नाही. जिना लाकडी, आणि तो गॅरेजमधूनच वर जातो. ही म्हणते, खाली काही झालं तर ते उतरणार कसे? बायकोचा स्वभाव काळजीचा, त्याला कोण काय करणार.

त्याच दिवशी, दुपारी १.
पलंग आज नको. हॉलमध्ये गाडीच्या दोन सीट आणि तीन दरवाजे आहेत. ते कुठे ठेवायचे हे आधी ठरवलं पाहिजे.

५ फेब्रुवारी, मंगळवार.
सिलिंडर आणला. लाल, देखणा. धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिक काढलेलं नाही. उगाच कुणी हात लावू नये म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. ही म्हणाली, लोक तहान लागल्यावर विहीर खणतात, तुम्ही आधी खणून तिला कुलूप घातलंत. ट्रेनिंग तिने घेतलेलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार.
टाकीतलं पेट्रोल काढलं. कॅन सापडेना, म्हणून बादलीत. वरून लगेच काठीचे ठोके. बाबांची पद्धत ठरलेली आहे: एक ठोका पाणी, दोन ठोके चहा, तीन म्हणजे वास येतोय. आज तीन. मग पुन्हा तीन.

वर गेलो. म्हणाले, पेट्रोल उघडं आहे. तीस वर्षं बस चालवली, माझ्या नाकाला शिकवू नकोस. मी समजावलं की मोटर बंद आहे, दिवा बंद आहे, ठिणगीचा प्रश्नच नाही. इंधन, हवा आणि ठिणगी, तिन्ही असल्याशिवाय आग लागत नाही. ते ऐकत होते. मग म्हणाले, बादली कुठली घेतलीस?

धुण्याची होती. हिला अजून सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार.
हिला कळलं. तपशील लिहीत नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
आज डॅशबोर्ड. अस्सल लाकूड, खाली काय दडलंय ते पॉलिश उतरवल्यावरच कळलं. जवसाचं तेल चोळतोय. एका चिंधीने एक हात द्यायचा, मग दुसरी चिंधी. नाद करावा तर असा! पेट्रोलचा संबंधच नाही, म्हणून आज बाबाही गप्प. बॉडीला पेंट कालच झालाय. आरशासारखा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
शेजारचा सुतार डोकावला. चिंध्या पाहून म्हणाला, या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा. आपोआप तापतात आणि पेटतात. मला हसू आवरेना. चिंधी आपोआप पेटते! तिला काय राग येतो? मी त्याला इंधन, हवा आणि ठिणगी समजावलं. ठिणगीच नाही, तर आग कशी? तो म्हणाला, बरं साहेब. जाताना हिला काहीतरी बोलला. अति शहाणा एवढंच ऐकू आलं. बहुतेक स्वतःच्या साल्याबद्दल बोलत असावा.

चिंध्या दोरीवर पसरणं म्हणजे गबाळेपणा. सगळ्या नीट घड्या घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतोय. खोका जिन्याखाली. वर खडूने लिहिलं: सेफ्टी.

पलंग पुढच्या रविवारी नक्की. चार माणसं लागतील. विचारायचं राहिलं.

२४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.
सकाळभर डॅशबोर्डला शेवटचा हात. अप्रतिम. उरलेल्या सगळ्या चिंध्या खोक्यात दाबून भरल्या, झाकण लावलं. हिने पुन्हा पलंगाचा विषय काढला. चिडूनच बोलली, की बाबा तुमचे आहेत, माझे नाहीत, तरी मलाच झोप लागत नाही. मी म्हणालो, सीटचं कापड आलं की सीट हलतील, मग हॉल मोकळा. जेवून थोडा आडवा होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७. घटनेचा अहवाल.
साडेचारला वरून तीन ठोके. आज पेट्रोल नाही, म्हणून मी कूस बदलली. मग ठोकेच ठोके. उठलो. जिन्याखाली धूर, खोका पेटलेला, पायऱ्यांना खालून ज्वाळा.

मी ट्रेनिंगप्रमाणे इंधन आगीपासून दूर केलं. म्हणजे गॅरेजचा दरवाजा उघडून गाडी ढकलत अंगणात काढली. एकट्याने. पाठ अजून दुखतेय. तेवढ्यात हिने हौदातलं पाणी ओतलं. सुतार धावत आला आणि ओलं पोतं डोक्यावर घेऊन वर गेला. पाच पायऱ्या जळाल्या. बाबांच्या छातीत धूर गेला, पण डॉक्टर म्हणाले, ठीक आहेत. गाडीला ओरखडाही नाही. एकूण परिस्थिती उत्तम हाताळली गेली.

आग विझल्यावर सिलिंडर कपाटातून काढून चालवून पाहिला. उत्तम चालतो.

२५ फेब्रुवारी, सोमवार.
बहीण येऊन बाबांना घेऊन गेली. चहाही घेतला नाही. हीसुद्धा त्यांच्याबरोबर गेली, दोन दिवस म्हणून. कपडे मात्र आठवड्याचे नेले.

सुताराने जिन्याचं माप घेतलं. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार.
हॉल रिकामा केला. दोन तास लागले. फक्त दोन तास.

३ मार्च, रविवार. सकाळी ११.
बहिणीचा फोन. आवाज मऊ होता. म्हणाली, मी तुला मनात खूप बोलले, पण बाबा रोज सगळ्यांना तुझंच सांगतात. म्हणतात, पोराने आधी गाडी बाहेर काढली, कारण ती पेटली असती तर वरची खोली राहिली नसती. माझ्यासाठी जिवावर उदार झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, डोळे भरतात त्यांचे. तिने विचारलं, खरंच का रे?

मी हो म्हणालो.

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. गाडी ढकलताना मला फक्त नवा पेंट दिसत होता. ही ओरडत होती, तेव्हाही. अंगणात आल्यावर मी बॉनेटवरची राख हाताने पुसत होतो. वळून बघितलं, तर सुताराच्या पाठीवर बाबा खाली येत होते.

तेव्हा आठवलं, की ते वर होते.