बाबांचा उजवा पाय

८ फेब्रुवारी १९६६, मंगळवार, संध्याकाळ

बाबांचा उजवा पाय. दुपारपासून डोक्यातून जात नाही.

चष्म्यासाठी मी त्यांना सायकलरिक्षाने सीताबर्डीला नेत होते. एक म्हातारी एकदम आडवी आली आणि बाबांनी रिक्षाच्या पायदानावर टाच दाणदाण आपटली. रिक्षावाला वळून ओरडला, "बाबूजी, लाथा काहून मारून राहिले?" लोक हसले. त्यात माझ्या वर्गातल्या दोन मुलीही होत्या.

मला कारण ठाऊक होतं. मुंबईत पंचवीस वर्षं उभ्याने ट्राम चालवली त्यांनी. समोर कोणी आलं की पायाने घंटा वाजवायची. ट्राम बंद झाली, ते नागपूरला घरी परतले, त्याला आता दोन वर्षं होतील. पाय मात्र अजून तिथेच. लहानपणी एकदा मुंबईला गेले होते तेव्हा त्याच घंटेचा केवढा तोरा मिरवला होता मी! आणि आज मी काय म्हणाले?

"ट्राम गेली, बाबा. आतातरी तो पाय आवरा. मले लाज वाटते."

"बाई मधात आली होती वं," एवढंच बोलले ते. चष्म्याच्या दुकानात अक्षरंही हळूच वाचली.

लाजेचं तरी बोलायला नको होतं. काहून बोलले मी?

आत्ता खाटेवर दोन्ही पाय वर घेऊन बसलेत. उजवा हाताने धरलाय. आईने विचारलं, "पाय दुखून राहिला का?"

"नाही," म्हणाले. "आवरून ठेवला."