पिवळ्या काठाचं घायपात

७ जाने. ८४
सुमनला जाऊन तीन महिने. गॅलरीतल्या कुंड्या आता माझ्याकडे. तुळस, दोन मोगरे आणि तिचं पिवळ्या काठाचं घायपात. देवगडहून एस.टी.त मांडीवर घेऊन आली होती, बोरिवलीपर्यंत टोचून घेत. बाकीचं गेलं तरी चालेल, हे जगायला हवं. नात रांगायला लागल्यावर, तिला टोचू नये म्हणून सुमननं प्रत्येक पानाच्या टोकाच्या काट्यावर अंड्याचं अर्धं टरफल बसवलंय.

१५ जाने.
दात घासून झाले की प्रत्येक कुंडीला एक तांब्या. घायपाताला दोन.

२ फेब्रु.
खालच्या पानांचा पिवळा काठ रुंद होतोय. मानवलेलं दिसतंय. आता तीन तांबे. ऑफिसातून नीताला फोन करून सांगितलं. "बाबा, जेवता ना वेळेवर?" म्हणाली. विषय तो नव्हता.

१९ फेब्रु.
एक पान अख्खं पिवळं. हात लावला तर हातात आलं. मऊ. वास.
शेजारच्या फिलोमिनाबाईंना बोलावलं. मातीत बोट खुपसून म्हणाल्या, "रोज पाणी घालता याला? काय वो भाऊ. सुमन पंधरा दिवसांनी घालायची. थंडीत तर तेपण नाय."
म्हणजे काठ रुंद होत नव्हता, सडत होतं. बारा वर्षं त्याच गॅलरीत बसून पेपर वाचला. ती कुठल्या कुंडीला कधी पाणी घालते, कधी पाहिलं नाही. लाज वाटली.

२० फेब्रु.
फि.बाईंनी कोयता आणला. गड्डा आतून नुसता चिखल. "वाट लागली याची." बुडाशी बोटभर पिल्लू निघालं. मुळं नाहीत. काठ पिवळा. चार दिवस सावलीत सुकवायचं, मग कोरड्या रेतीत.
टरफलं कचऱ्यात. अकरा होती.

२५ फेब्रु.
रेतीत लावलं. सवयीनं तांब्या भरला. मीच प्यायलो.

११ मार्च
फि.बाई: "उपटून बघू नका. धरली मुळं तर धरली."
बघितलं नाही. हात दोनदा गेला.

१८ मार्च, रवि.
नीता आणि नात येऊन गेल्या. "बाबा, काढा ना ते. पोर सगळीकडे हात घालते." एवढंसं आहे, पण काटा आहे खरा.
संध्याकाळी ऑम्लेट केलं, सुमन गेल्यापासून पहिल्यांदा. अर्धं टरफल नीट राहिलं. पिल्लाला फारच मोठं होतंय. धुवून खिडकीत ठेवलं.